सोळा टाके

आमच्या यंत्रात मी सगळ्यात आधी घातला तो माझ्या खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा.

टाकावाचक बसवून झाला तेव्हा त्याची चाचणी घ्यायला हाताने शिवलेलं काहीतरी हवं होतं. पट्टा आदल्याच आठवड्यात माझ्या घरमालकीण पराते मावशींनी शिवून दिला होता. मी तो पिशवीवरून काढून यंत्रात सरकवला आणि नोंदीत लिहिलं : नमुना शून्य. पुढे नावाचा रकाना होता. चाचणीचाच नमुना, त्याला कशाला नाव, म्हणून मी तो रिकामा ठेवला.

ही २०३९ मधली गोष्ट. दोन वर्षांनी त्या रिकाम्या रकान्यावरून अर्धा महाराष्ट्र भांडत होता.

टाकावाचक काय करतो ते आधी सांगते. दोरा ओढून टाका घातला की जिथे तो कापडातल्या धाग्यावरून वळतो तिथे त्याचे तंतू चपटे होतात आणि दोऱ्याचा पीळ जरासा उलगडतो. किती चपटे झाले, किती उलगडला, यावरून त्या टाक्याला किती ओढ दिली होती हे काढता येतं. साध्या क्ष-किरणांना कापूस आणि नायलॉन जवळजवळ दिसतच नाहीत. पण तंतूच्या कडेवरून जाताना किरण अगदी किंचित वाकतो. ते वाकणं मोजलं, की केसाच्या विसाव्या भागाएवढा तंतूही स्वच्छ दिसतो, तोही कापड न उसवता. आणि ओढ माणसागणिक वेगळी असते. कुणी दर चौथ्या टाक्याला दोरा आवळतं, कुणाची सुई कायम डावीकडे कलते, कुणाचा हात दोरा संपत आला की घाई करतो. चालीवरून माणूस ओळखावा तसा शिवणीवरून हात ओळखता येतो.

आम्हाला वाटलं होतं की न्यायालयं येतील, शल्यविशारद येतील. तेही आले. पण सगळ्यात जास्त आल्या गोधड्या. नागपुरातल्या आमच्या प्रयोगशाळेपुढे लोक बोचकी घेऊन बसत. चार जावांनी मिळून शिवलेली गोधडी, त्यातले आईचे टाके कोणते तेवढं सांगा. आईचा एखादा जुना ब्लाउज सोबत आणलेला असे, ओळख पटवायला. निकाल दिला की माणसं त्या ओळीवरून बोट फिरवत बसत. मी भौतिकशास्त्र शिकले. या गिऱ्हाइकांपुढे काय बोलायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

शार्दूल वझलवारही गोधडीच घेऊन आला. फक्त त्याच्या गोधडीच्या पोटात पॅराशूट होतं.

*

'पाहुणा' कोण हे वाचकांना सांगायला नको. पण माझ्याहून लहान कुणी वाचत असेल तर थोडक्यात सांगते. नोव्हेंबर १९९६ मध्ये ए. पाहुणे या नावाने तिकीट काढलेल्या माणसाने एक एकोणीस आसनी विमान सुरीच्या धाकावर नागपूरला उतरवलं. सगळे प्रवासी सोडले. मागणी एकच : एक पॅराशूट. ते मिळाल्यावर दोन वैमानिकांसह त्याने विमान पुन्हा उडवलं, मालाच्या कप्प्यातली एक सीलबंद पेटी घेतली आणि सातपुड्यावर मागचं दार उघडून उडी मारली. पेटीवर हक्क सांगायला कुणी कधी आलं नाही. माणूस सापडला नाही, प्रेतही नाही. त्याच्या खऱ्या नावाचाही पत्ता लागला नाही.

तेव्हापासून लोक त्याचं काही ना काही करतच आहेत. पाहुणा चहा आहे, पाहुणा मिसळ आहे. दर चौदा नोव्हेंबरला पोरं कोट घालून, छत्री उघडून फुटाळा तलावाच्या भिंतीवरून उड्या मारतात. आणि 'पाहुणा गेला कुठे?' हा शार्दूलचा कार्यक्रम, ज्याचे अडीच लाख श्रोते आहेत.

"सातपुड्यात एका घरी मिळाली," शार्दूल गोधडी उलगडत म्हणाला. तिशीचा, कुरळ्या केसांचा, बोलताना दोन्ही हात हलवणारा माणूस. "म्हातारी म्हणाली, सासऱ्याला हे कापड झाडावर अडकलेलं मिळालं. माणूस नव्हता."

"मग मिटलंच की. जिवंत पोचला."

"मॅडम, झाडाखाली प्रेत असतं तरी पोलिसांच्या भीतीने कुणी सांगितलं असतं का? कापड घेतलं असतं, माणूस पुरला असता, गप्प बसले असते." तो पुढे वाकला. "कुणाचा हात, ते मला नको. मला फक्त हे अस्सल आहे का ते सांगा."

अस्सल होतं; कापडावरचा क्रमांक चौकशी अहवालातल्या क्रमांकाशी जुळला. पण पहिल्याच वाचनात आणखी काहीतरी दिसलं. पॅराशूटच्या कापडात, टोकाच्या घडीजवळ, सोळा टाक्यांची एक ओळ होती. गोधडी शिवणाऱ्या बाईची नव्हे. तिचा दोरा सुती होता. हा हिरवा नायलॉनचा होता आणि त्याचे तुटके तुकडे अजून भोकांत अडकलेले होते. ही ओळ तिथे असण्याचं एकच कारण संभवत होतं. कुणीतरी पॅराशूटची घडी त्याच्या कव्हरला शिवून टाकली होती, म्हणजे ते उघडू नये.

शार्दूल खुर्चीतून उठला. "चौकशी अहवालात लिहिलंय, पॅराशूट सुस्थितीत होतं म्हणून! कुणी शिवलं?"

मी काही बोलायच्या आत पडद्यावर ओळ आली. यंत्र प्रत्येक नवा हात आपल्या संग्रहाशी आपोआप ताडून बघतं.

नमुना शून्य. जुळणी ९१ टक्के.

एका खटल्यात एका प्रयोगशाळेने निकाल फिरवल्याचं उघड झाल्यापासून नियम आहे : प्रत्येक वाचन त्याच क्षणी सार्वजनिक नोंदवहीत जातं. पुसता येत नाही. मी पडद्याकडे बघत असताना ते अडीच लाख लोकांनाही दिसत होतं.

"नमुना शून्य कोण?" शार्दूलने विचारलं.

"चाचणीचा नमुना आहे," मी म्हटलं. "नाव देता येत नाही."

नियमाने ते खरं होतं. चाचणीच्या नमुन्याचं नाव देणं माझ्यावर बंधनकारक नव्हतं. पण माझा हात नकळत पिशवीच्या पट्ट्यावर गेला होता, आणि तो मी हळूच खाली घेतला.

*

गोळीबार चौकाजवळ पराते मावशींचं दोन खोल्यांचं घर. त्यातली एक खोली चार वर्षांपासून माझी. मावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या; ब्लाउज शिवतात, पिशव्या शिवतात, आणि भाडेकरूने जेवायला उशीर केला की दारात उभ्या राहतात.

"तोंड कायले पाडलं वं?" त्यांनी विचारलं. "कोनी मेलं का?"

"मावशी, तुम्ही शिवणाच्या आधी काय काम करत होता?"

त्यांच्या हातातली सुई थांबली. घरात रेडिओसारखा शार्दूलचा कार्यक्रम चालू होता. सोळा टाक्यांची बातमी माझ्या आधीच घरी पोचली होती.

"तुह्या मशीननं सांगितलं ना?" त्या म्हणाल्या. "मले वाटलंच होतं. त्या दिवशी तू पट्टा काढून नेला तेव्हाच वाटलं होतं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"काय बोलू? बाई, मी एक मानूस मारला असन नाहीतर वाचवला असन, मले ठाऊक नाही, असं?"

मावशी तेव्हा हवेतून उडी मारणाऱ्यांच्या क्लबात पॅराशूटची घडी करत. तिथल्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक घडीचं एक कार्ड असे, दोन सारख्या भागांचं. एक भाग पॅराशूटच्या खिशात, दुसरा घडी करणाऱ्याकडे. त्यात तीन रकाने : तारीख, घडी करणाऱ्याची सही, आणि 'उघडलं?' असा प्रश्न. हा तिसरा रकाना उडी मारणारा परत येऊन समोर उभा राहिल्याशिवाय भरायचा नाही, असा दंडक होता. मावशींनी अकरा वर्षांत चार हजारांवर घड्या केल्या. एक सोडून सगळ्यांचा तिसरा रकाना भरलेला होता.

"विमान उभं होतं धावपट्टीवर," त्या सांगू लागल्या. "क्लबात एक सरकारी साहेब आले. म्हने, बाई, पोटावर बांधायचं ते पॅराशूट द्या, आन आतली घडी कव्हरले शिवून टाका. मी म्हटलं, साहेब, मंग ते उघडनार नाही. ते म्हने, तेच तर पायजे."

"आणि तुम्ही शिवलंत."

"समोर उभे होते ना वं! दोऱ्याचा रंग पाहत, टाके मोजत. सोळा म्हने, म्हंजे सोळा. तीनपदरी दोरा, नायलॉनचा, ट्रक ओढन असा." त्या थोडं थांबल्या. "पन माहा बाप कोष्टी. पदर सोडवनं मी चालाले शिकाच्या आधी शिकली. सुई ओवाले खिडकीकडे वळली, तेवढ्यात तीनाचा एक केला. रंग तोच. साहेबाले काय समजते?"

"एकाच पदराने शिवलंत?"

"एकाच पदरानं. पहिला टाका ढिला, दुसरा त्याच्याहून जरासा कमी ढिला. म्हटलं, साऱ्यांवर एकदम भार नको, एकेक तुटन. पन तुटन का? एक पदर हातानं तुटते. सोळा? मले हिशेब कुठं येते. येत असता तरी कोन करू देनार होतं?"

"त्याने विमान पळवलं होतं, मावशी."

"पळवलं. मंग द्या त्याले फाशी, मी नाही म्हनली का? पन फाशी देनारा मानसाले सांगून देते. 'हे उघडते' असं सही करून नाही देत." त्यांनी मांडीवरचं कापड सरळ केलं. "साहेब म्हने, कार्डावर सही करा, नाहीतर त्याले संशय येईन. मी केली. पुढच्या महिन्यात नोकरी सोडली."

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. शुक्रवारी तंतूंच्या टोकांचं बारीक वाचन होतं; त्यात सगळं कळणार होतं. नायलॉन झटक्याने तुटलं, तर ताणात साठलेली ऊर्जा टोकाशी उष्णता होऊन बाहेर पडते. टोक वितळतं आणि आक्रसून टोपीसारखं गोल होतं. पात्याने कापलं तर टोक सपाट राहतं.

"सात्यासारखं?" मावशींनी विचारलं. पावसाळ्यात वारुळावर उगवणाऱ्या अळंब्यांना आमच्याकडे सात्या म्हणतात.

"अगदी तसंच. सात्या दिसल्या तर हवेत तुटलं, पॅराशूट उघडलं. सपाट दिसलं तर..."

"तर खाली पडल्यावर कोनी सुरीनं कापून काढलं. त्याच्या अंगावरून."

"मावशी, मी हे वाचन थांबवू शकत नाही. पण तुमचं नाव मी सांगणार नाही. कधीच नाही."

त्यांनी सुई परत कापडात घातली. "पंचेचाळीस वर्षं झाली. मले ते जाणून घ्यायचं हाये, शलाका. नावाचं मंग पाहू."

*

पुढचे चार दिवस नमुना शून्यचे झाले. शार्दूलच्या श्रोत्यांनी तिला 'शून्यबाई' नाव दिलं. बाईच असणार, टाके इतके सारखे आहेत म्हणून. कुणी तिला सरकारी खुनी म्हणालं, कुणी पाहुण्याची धोका देणारी प्रेयसी. पाहुणा चहावाल्याने पाटी लावली : शून्यबाईला इथे चहा मिळणार नाही. पाहुण्याने सतरा माणसांना सुरी दाखवली होती हे कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. तो आता सगळ्यांच्या घरचा झाला होता, आणि घरच्या माणसाला कुणीतरी मारलं होतं.

माझ्या वरिष्ठांनी एकदा विचारलं, नाव ठाऊक आहे का. मी "आठवत नाही" म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एका नोंदीबद्दल खोटं बोलले. विज्ञानाची शपथ वगैरे आम्ही घेत नाही. पण घेतल्यासारखं वागतो. मला दिवसभर जेवण गेलं नाही.

शुक्रवारी सकाळी दहाला शार्दूल आला. साडेदहाला मावशी आल्या, इस्त्रीचं लुगडं नेसून, हातात डबा.

"ही माझी मावशी," मी म्हटलं. "डबा द्यायला आलीय. थांबेल थोडी."

"थांबा की," शार्दूल म्हणाला. "इतिहास घडतोय मावशी, बघून जा."

"घडू दे. तू सांभारवडी खाते का?"

त्याने कोथिंबीर भरलेली ती तळलेली वडी घेतली, मग आणखी एक. "एक नंबर! मावशी, तुम्हाला काय वाटतं, पाहुणा वाचला असेल?"

"तुले काय पायजे? वाचाले का मराले?"

शार्दूल खाता खाता थांबला. हा प्रश्न त्याला अडीच लाखांत कुणी विचारला नसावा. "खरं सांगू? वाचला असेल तर गोष्ट संपते. पण... वाचायलाच हवा. लहानपणी मी त्याच्यासाठी खिडकी उघडी ठेवून झोपायचो."

मी वाचन सुरू केलं.

पहिला टाका. दोरा एकपदरी, ओढ जवळजवळ नाही. टोक : गोल, वितळलेलं. सात्या.

दुसरा, तिसरा, चौथा. प्रत्येक टाका आधीच्यापेक्षा थोडा घट्ट आणि प्रत्येकाच्या टोकाला टोपी. आलेख पायऱ्या चढावा तसा चढत गेला. शिवताना त्या हाताच्या मनात काय होतं ते पडद्यावर उमटत होतं. मी यंत्राला ओढ मोजायला शिकवलं होतं. दया मोजायला मी त्याला कधी शिकवलं नव्हतं, पण त्या पायऱ्यांचा दुसरा अर्थ लागत नव्हता.

"हे मुद्दाम केलंय," शार्दूल पुटपुटला. "एकेक करून उसवावं म्हणून. शून्यबाईने त्याला..."

नववा टाका. सात्या.

दहावा. सपाट.

अकरावा सपाट. बारावा सपाट. सोळाव्यापर्यंत सगळे पात्याने कापलेले.

शार्दूलने हळूच डोक्यावरचा माईक काढला. "नऊ तुटले आणि अडकलं. पडला तो. खाली कुणीतरी कापून काढलं."

मावशींनी टेबलाची कड धरली होती. त्या पडद्याकडे पाहत नव्हत्या, माझ्याकडे पाहत होत्या, आणि मला तिथे उभं राहवत नव्हतं. म्हणून मी मला येतं तेच केलं. त्या सात टोकांकडे पुन्हा पाहिलं.

ढिला पडलेला दोरा कापला तर पीळ जसाच्या तसा राहतो. ताणलेला दोरा कापला की टोक मागे उसळतं, पीळ उलटा फिरतो आणि तंतूंचा गुंता होतो. सातही टोकांना गुंता होता.

"कापताना दोरा ताणलेला होता," मी म्हटलं.

"कुणीतरी कापड ओढून धरलं असेल," शार्दूल म्हणाला. शंका रास्त होती.

मी भोकं मोठी केली. सातही भोकांच्या कडेला पॅराशूटचं कापड वितळून ओघळलेलं होतं, मेणबत्तीसारखं, एकाच दिशेला. कापलेला दोरा त्या भोकांतून सर्रकन निसटला होता, इतक्या वेगाने की नुसत्या घर्षणाने नायलॉन वितळलं. मी वेग काढला, आणि विश्वास बसेना म्हणून पुन्हा काढला.

"सेकंदाला चाळीस मीटर. जमिनीवर हाताने कितीही हिसका मारला तरी सात-आठच्या पुढे जात नाही. हे वाऱ्याने ओढलंय. कापलं तेव्हा तो हवेत होता."

"पण हवेत कोण कापणार..." शार्दूल बोलता बोलता थांबला. मग स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, जिथे ते पॅराशूट बांधलेलं असणार. "सुरी. त्याच्याकडे सुरी होती."

"नऊ टाके झटक्याने गेले. घडी अर्धी बाहेर आली, अडकली. त्याला डोळ्यांसमोर दिसलं असेल कुठे अडकलंय ते. उरलेले सात त्याने कापले."

"सोळाच्या सोळा पक्के असते तर?"

"तर घडी बाहेर आलीच नसती. कापायला काही दिसलंच नसतं."

"म्हणजे जिवंत..."

"पॅराशूट उघडलं," मी म्हटलं. "यंत्र एवढंच सांगतं. त्याच्या पुढचं मला ठाऊक नाही."

शार्दूलने चेहऱ्यावरून हात फिरवला. डोळे पुसले की घाम, ते मी पाहिलं नाही. मावशी खाली बसल्या. मग त्यांनी पिशवीतून गॅसच्या जुन्या पुस्तकाचं प्लॅस्टिकचं पाकीट काढलं आणि त्यातून एक पिवळं पडलेलं कार्ड.

"शलाका, पेन दे वं."

"मावशी, तो माईक चालू आहे," मी कुजबुजले.

"असू दे. तुह्या वहीत तो रकाना रिकामा हाये ना, तोही भर. यमुना गनपत पराते, लिही. उद्या कोनी पकडाले आलं तर सांभारवडी देईन." त्या शार्दूलकडे वळल्या. "शून्यबाई मीच हाव, बाबू. आता त्या चहावाल्याले सांग, मी तसाही चहा पीत नाही."

शार्दूल उठून उभा राहिला. मग त्याने वाकून कार्डाकडे हात नेला.

"आधी हात धू," मावशी म्हणाल्या. "तेलकट हायेत."

तो खरंच हात धुवायला गेला. मी नोंदवहीत नाव लिहिलं. मावशींनी कार्ड टेबलावर सपाट केलं. तारीख १४-११-९६, पुढे सही, आणि पुढे पंचेचाळीस वर्षांचा कोरा चौकोन. त्यांनी सावकाश, शाळेतल्या अक्षरात लिहिलं : उघडलं.

मग थोडा विचार केला आणि खाली जागा होती तिथे बारीक अक्षरात आणखी एक ओळ लिहिली.

नऊ माझे, सात त्याचे.